राजाच्या कानातलं भोक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. परदेशात असलेल्या मुलीला नाही, सुलभाला नाही. चर्चमध्ये फादरांसमोर गुडघे टेकले तेव्हाही नाही. मिस्सा चुकवल्याचं सांगितलं, एका सहकाऱ्यावर विनाकारण रागावल्याचं सांगितलं, आणि हे तेवढं पोटात ठेवून उठलो. कबुली देतानाही माणूस निवड करतो. तुम्ही केली आहे कधी?

तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा—नाही, कारणं शोधायला बसलो तर पुन्हा लांबेल. मला कारणं फार लवकर सापडतात. तोच तर सगळा प्रश्न आहे.

मी मूळचा वसईचा. मस्कतमधल्या एका भारतीय शाळेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काढली. घर अल हैलला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. माझी बायको मोनिका गेली, तिला वसईला नेऊन मातीत ठेवलं आणि पंधराव्या दिवशी मी परत आलो, कारण शाळा सुरू झाली होती आणि नवीन पुस्तकांवर शिक्के मारायचे होते. बाकीचे दिवस शिक्क्यांत जायचे. शुक्रवार जायचा नाही. इथे सुट्टी शुक्रवारची, आणि आमची मिस्साही शुक्रवारीच. चर्चमधल्या बाकावर माझ्या शेजारची जागा लोक आपणहून रिकामी सोडायचे. चांगुलपणानेच सोडायचे. मला ती जागा बघवेना. मी जायचा थांबलो.

मग सुलभा भेटली. ती अल अमेरातला राहते, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलाकडचं मुदत उलटलेलं पुस्तक परत करायला ग्रंथालयात आली, तेव्हा मी जुन्या नाण्यांची एक सूची वाचत बसलो होतो. लहानपणापासूनचा नाद.

"मास्तर, नाणी काय पुस्तकात बघता?" ती म्हणाली. "आम्ही दर शुक्रवारी खरी शोधायला जातो. दोनच टाळकी आहोत, तिसरं हवंय. आणि आम्हा दोघांनाही सापडलेलं वाचता येत नाही."

दुसरं टाळकं म्हणजे हमीदभाई.

हमीदभाई रत्नागिरीकडचे, जयगडच्या खाडीवरच्या गावचे. सहमला त्यांचं खिळे, नळ, रंग, दोऱ्या असं सगळं विकायचं दुकान होतं. सदतीस वर्षं ते तिथे होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशन दर वर्षी पुढच्या सुट्टीवर ढकललेलं. धातू शोधायची दोन यंत्रं होती, मी आल्यावर तिसरं आलं, आणि त्यांचा परवाना त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर होता. त्याची अट एकच. जुने किल्ले, जुन्या वस्त्या यांच्या आसपास फिरकायचं नाही. लाटा पोचतात त्या ओल्या पट्ट्यातच काय ते फिरायचं. आम्ही ती पाळली. सकाळी सुलभा मला अल हैलला गाडीत घ्यायची, सहमला पोचायला दीड-दोन तास लागायचे, आणि जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली की हमीदभाई यंत्र बंद करून म्हणायचे, "यल्ला, चला, समुद्राला पण सुट्टी द्या जरा."

बहुतेक वेळा सापडायचं ते भंगारच. शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या, मासेमारीच्या जाळ्यांची शिसं, कधी एखादं कानातलं. माझ्या यंत्राला तर त्या कड्यांचं वेडच होतं.

"मास्तरांचं मशीन रद्दीवालं आहे," सुलभा म्हणायची.

"असू दे गो," हमीदभाई म्हणायचे, "मास्तर पोरांत राहिलेत ना, बारीकसारीक आवाज पण ऐकतात."

पण कधीकधी नाणं यायचं. एकेकाळी या किनाऱ्यावर हिंदुस्थानचेच आणे-पैसे चालायचे, त्यामुळे पाव आण्याची तांब्याची नाणी निघत—हिरवी, फुगलेली, वाळूचा थर घट्ट बसलेली. आमच्यात एक नियम होता आणि तो मीच घालून दिलेला. किनाऱ्यावर नाणं घासायचं नाही. घासलं की वरचा थर चेहऱ्यासकट निघतो. जे सापडेल ते माझ्याकडे द्यायचं. मी ते घरी तेलात बुडवून ठेवायचं, गंज मऊ झाला की काडीने कण कण काढायचा, आणि पुढच्या एखाद्या शुक्रवारी नाणं कुठलं ते सांगून ज्याचं त्याला परत द्यायचं. मी सांगेन ते खरं. तपासायला दुसरं कुणी नव्हतंच.

या नियमावर पुढचं सगळं उभं आहे.

आता हमीदभाई काय शोधत होते ते सांगतो. सुलभा छंद म्हणून यायची, मी शुक्रवार घालवायला. ते मात्र आपल्या आजोबांना शोधत होते.

आजोबा गलबतावर खलाशी होते. कौलं आणि लाकूड घेऊन या किनाऱ्याला यायचे. हमीदभाईंचे वडील सहा वर्षांचे असताना गलबत सहमच्या बाजूला कुठेतरी फुटलं. दोघे-तिघे परत आले. आजोबा आले नाहीत. बुडाले म्हणावं तर कुणी पाहिलेलं नाही. मग गावात बोलणं सुरू झालं की तो बुडालाबिडाला काही नाही, तिकडेच राहिला, तिकडे दुसरं घर केलं. आजीने उरलेलं सगळं आयुष्य हे ऐकलं. वडिलांनी ऐकलं. शाळेत हमीदभाईंनीही ऐकलं.

आजीपाशी उत्तर एकच होतं. आजोबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात पाव आण्याचं नाणं होतं, ते तिने स्वतः बांधलं होतं. दाढीवाल्या राजाचं. भोक पाडताना आजोबांनी चेष्टेने खिळा बरोबर राजाच्या कानावर ठेवला होता—म्हणाले होते, आपल्या पोराच्या आधी ह्याचे कान टोचू. ते नाणं गळ्यातून काढणार नाही असा शब्द दिला होता. "माझा माणूस जिवंत असता तर नाणं घेऊन आला असता," ती म्हणायची. "नाणं समुद्रात असेल तर तो पण समुद्रात."

तुम्ही म्हणाल, समुद्रकिनाऱ्यावर एक पैसा शोधायचा? मीही म्हणालो होतो.

हमीदभाई हसले. "मास्तर, मी काय धंदा सोडून शोधतंय काय? दुकान चालतंय, पोरांची शिक्षणं झाली. पण गावला तर जिथं गावला तिथं आज्याच्या नावानं फातिहा पढायचा, दुकानाची चावी अर्बाबच्या हातात द्यायची आणि खलास. घराला. तुमच्या भाभीला सांगून ठेवलंय."

भाभीही विसरल्या नव्हत्या. दर शुक्रवारी आम्ही दुकानात चहाला बसलो की गावाहून त्यांचा फोन यायचा. हमीदभाई फोन मोकळा ठेवायचे, सगळ्यांना ऐकू जायचा.

"गावला काय ओ?"

"नाय गो."

"मग जेवा आता." आणि त्या हसायच्या. दर वेळी तेच. एखाद्या प्रार्थनेसारखं ठरलेलं.

मला त्या दुकानातला चहा आवडायचा. रंगाच्या डब्यांवर बसून, खोबरेल आणि लोखंडाच्या वासात. मोनिका गेल्यावर माझ्या नावाने बसायला डबा पुसून ठेवणारी ती एकच जागा होती. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो—त्या बुधवारी माझ्या हातात काय काय होतं ते.

सहमच्या त्या सगळ्या बातिना किनाऱ्याला ते मोठं वादळ येऊन गेलं, त्यानंतरची गोष्ट. समुद्राने वाळू कमरेइतकी ओढून नेली होती आणि खालचा काळपट, शिंपल्यांचा जुना थर उघडा पडला होता. दोन महिने आम्ही वेड्यासारखे फिरलो. एका शुक्रवारी हमीदभाई गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात वर केला. हेडफोन लावला की आवाज ज्याचा त्यालाच ऐकू येतो, म्हणून हात वर करायचा, ही आमची खूण. आम्ही गेलो. छोट्या फावड्याने त्यांनी वाळूचा गोळा काढला, फावड्याची धार लागून कडेला एक खाच पडली. हिरवा, जाड गोळा. नाण्यासारखा, एवढंच.

"पाव आणा असावा," मी म्हणालो.

त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. डोळ्यांशी नेऊन पाहिलासुद्धा नाही. पाहून त्यांना दिसणार तरी काय होतं? "बघा मास्तर."

घरी मोनिकाची लोणच्याची एक बरणी होती. तिच्यात ऑलिव्हचं तेल घालून मी नाणी बुडवायचो. बारा दिवस ते नाणं त्यात होतं. तेराव्या दिवशी, बुधवारी, शाळेतून आल्यावर मी खिडकीशी बसलो आणि काडीने वाळू सोडवू लागलो. आधी मुकुटाचा काठ दिसला. मग हनुवटी—खरखरीत. दाढी. अशी याआधी आठ-दहा निघाली होती, दाढीवाला राजा काही दुर्मीळ नव्हता. मग कानाच्या जागी काडी आत गेली. भास झाला असेल म्हणून पुन्हा घातली. ती पलीकडून बाहेर आली.

चौकोनी भोक होतं. जुन्या, घडीव खिळ्याचं.

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. खरं तर मी उठून फोन करायला हवा होता. तुम्ही केला असता. कुणीही केला असता. पाच शब्द होते—हमीदभाई, राजाचा कान टोचलेला आहे. मी फोन हातात घेतलासुद्धा. आणि मग मला दिसलं ते त्यांचं आनंदाने फुललेलं तोंड नव्हतं. मला बंद शटर दिसलं. शुक्रवार दिसला. चर्चमधला तो बाक दिसला, शेजारी रिकामी जागा असलेला.

मी फोन खाली ठेवला. मनाशी म्हणालो, आज नको, परवा समोरासमोरच सांगू. हे खोटं मी स्वतःशी बोललो, आणि बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. कारण मी लगेच उठून कपाटातला माझा नाण्यांचा अल्बम काढला.

त्यात पाव आणे बरेच होते. मी त्यातला एक निवडला—पुढच्या राजाचा, बिनदाढीचा. आकार तोच, तांबं तेच. हा राजा नाण्यावर आला तेव्हा गलबत फुटून वर्ष-दोन वर्षं तरी झाली होती. त्याच्यावर थोडा हिरवेपणा होताच. तरीही मी तो तेलात बुडवला, बरणीच्या तळाची हिरवी घाण त्याच्या कडेला बोटाने लावली. सव्वीस वर्षं मुलांना सांगत आलो की पुस्तकाचं पान फाडणं ही चोरीच आहे.

शुक्रवारी दुकानात मी ते नाणं कागदावर ठेवलं. "पाव आणा," मी म्हणालो. "पण राजा नंतरचा आहे."

सुलभाने ते उचललं, उलटसुलट केलं. "मास्तर, ह्याच्या कडेला खाच होती ना? फावडं लागलं होतं."

"गंजाला होती. गंज निघाला, खाचही निघाली."

पाहा, किती सहज आलं. तिने मान हलवली आणि नाणं हमीदभाईंना दिलं. त्यांनी ते नजरेने पाहिलं नाही. अंगठा राजाच्या हनुवटीवरून फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"गुळगुळीत हाय," ते म्हणाले.

"हो."

"आमचा दाढीवाला." बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात ते आपली नाणी ठेवायचे. त्यात त्यांनी ते टाकलं, आवाज झाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं मास्तर. नायतर तुम्ही शुक्रवारचे गेला असतात कुठं?"

ते चेष्टेत म्हणाले. माझी समजूत काढायला म्हणाले—माझा चेहरा पडला होता, त्यांना वाटलं मलाच वाईट वाटतंय. मी चहा प्यायलो. फोन वाजला. गावला काय ओ? नाय गो. मग जेवा आता.

त्यानंतर दोन वर्षं आणि काही महिने आम्ही शुक्रवारी जात राहिलो. तुम्हाला वाटेल मी ते दिवस तळमळत काढले. तसं झालं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. खरं हे आहे की ते शुक्रवार चांगले गेले. मी हसलो. सुलभाने केलेल्या मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या. थंडीच्या दिवसांत, ऊन कोवळं असताना, आम्ही तिघं तीन रेषांत चालायचो, आणि मधली रेष हमीदभाईंची असायची, मान खाली, एका पैशासाठी. तो पैसा माझ्या घरी, मोजे ठेवायच्या खणात, एका पाकिटात होता. दर शुक्रवारी मी त्यांच्यापासून दहा पावलांवर चालत होतो. सांगायला शंभराहून जास्त शुक्रवार मिळाले मला. उशीर झाला म्हणता येण्याइतका उशीर व्हायची मी वाट पाहत होतो का? बहुतेक.

या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, गिऱ्हाइकाला खिळे तोलून देताना हमीदभाई तराजूवरच वाकले. दवाखान्यात पोचण्याआधी गेले. मुलांनी गावाहून फोनवर विचारविनिमय केला. देह न्यायला दिवस लागणार होते, भाभी म्हणाल्या, थांबवू नका, तिथेच मातीला लावा. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर सहमच्या कबरस्तानात त्यांना ठेवलं. मी आणि सुलभा भिंतीबाहेर उभे राहिलो. मग अर्बाबने हाताने खूण करून मला आत बोलावलं, मीही तीन मुठी माती घातली. इथल्या कबरींवर नाव नसतं. उशाशी एक दगड, पायाशी एक दगड, आणि बाकी सगळी वाळू. तिथून समुद्र ऐकू येतो.

आठ दिवसांनी भाभींनी मला फोन केला. आवाज तोच, फक्त हसणं नव्हतं.

"मास्तर, तुमचे लई उपकार हायत," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं त्यांचं मन रमलं तिकडं. मला सारखं सांगायचे, मास्तर एकटे हायत, मी गेलो तर त्यांचं कसं होईल."



मग म्हणाल्या, "गावात आता ह्यांच्याबद्दल पण तेच बोलतात. आजासारखा हा पण तिकडंच राहिला म्हणतात. बोलू देत. मी कोणाकोणाचं तोंड धरू?"

सांगायचं होतं ते तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणालो, "भाभी, काळजी घ्या." आणि फोन ठेवला.

बिस्किटांचा डबा मुलांनी मला द्यायला सांगितला. अर्बाब स्वतः येऊन देऊन गेला. बिनदाढीचा राजा त्यात सगळ्यात वर होता. त्याची हनुवटी बाकीच्या नाण्यांपेक्षा चकचकीत झाली आहे. म्हणजे त्यांनी ते नाणं नंतरही काढून पाहिलं असणार, पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला असणार—कदाचित आपला अंगठा चुकला असेल म्हणून. मास्तर चुकले असतील असं त्यांच्या मनात आलं असेल का? मला वाटत नाही. सुलभाने एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला दाखवू या का ते नाणं. ते म्हणाले होते, मास्तरांनी बघितलं ना, बस.

येत्या सुट्टीत मी जयगडला जाणार आहे. तिकीट काढलं आहे. सुलभाला उद्या सांगणार. भाभींची क्षमा मागणार नाही. मागितली तर त्या देतील, त्या तशाच आहेत, आणि मग तेही मी त्यांच्याकडून घेतल्यासारखं होईल. नाणं त्यांच्या हातावर ठेवीन. कुठे सापडलं, कोणत्या शुक्रवारी सापडलं, कुणाला सापडलं आणि त्यानंतर कुणाच्या घरी होतं, ते सांगीन. चारचौघांसमोर सांगायला त्या म्हणाल्या तर चारचौघांसमोर. माझ्याबद्दल काय बोलायचं ते गाव ठरवील.

आत्ता ते माझ्यासमोर कागदावर आहे. राजाला दाढी आहे. कडेला फावड्याची खाच आहे. आणि कानातलं भोक आरपार आहे—त्यातून खालच्या कागदावरचं अक्षर दिसतं.